सेंट पॅट्रिक्स डे: संताचा, देशाचा की गिनेस बिअरचा?

ओवी_डब्लिन

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लेकाच्या शाळेतून चिठ्ठी आलीय, १७ मार्चच्या आधीच्या शुक्रवारी सगळ्यांनी हिरवे कपडे घालून यायचं आणि प्रत्येकाने "सेंट पॅट्रिक कोण होते" यावर पाच वाक्यं बोलायची. आम्हाला डब्लिनला येऊन बरीच वर्षं झाली, दरवर्षी परेडला जातो, गालावर शॅमरॉक (ते तीन पानांचं हिरवं रोप) रंगवून घेतो, पण हा माणूस नक्की कोण हे मला धड सांगता येईना. ऑफिसात विचारलं तर एक म्हणाला त्याने साप हाकलले, दुसरी म्हणाली तो आयरिश नव्हताच, तिसरा म्हणाला सुट्टी मिळते ना, मग कशाला चौकशा.

तर प्रश्न असा की हा सण मुळात कशाचा? चर्चचा, देशाचा, की पबवाल्यांचा? माझं मत आधीच सांगून टाकते, याच्यात धार्मिक आता काही उरलेलं नाही, पर्यटकांसाठी सरकारने मांडलेला इव्हेंट आहे. आत्ताचं हे फेस्टिव्हल सरकारनेच १९९५ मध्ये सुरू करायचं ठरवलं आणि १९९६ ला पहिलं झालं. पटत नसेल तर भांडा.

बाटलीबंद

पाच वाक्यं सोपी आहेत. ते संत होते. ते हिरवे होते. त्यांना साप आवडत नसत. त्यांच्यामुळे शाळेला सुट्टी असते. बाबा संध्याकाळी उशिरा येतात.

इतिहासवेडा

ओवी, ऑफिसातली बाई बरोबर आहे. पॅट्रिक पाचव्या शतकातला, रोमन ब्रिटनमधल्या खात्यापित्या घरचा पोरगा. बाप कॅल्पर्नियस चर्चमध्ये डीकन, आजा पाद्री (त्या काळी पाद्री लग्न करायचे, दचकू नका). सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी उचलून नेला, सहा वर्षं गुलामीत मेंढरं राखली, मग पळाला, घरी पोचला, आणि पुढे बिशप होऊन त्याच लोकांत परत गेला ज्यांनी त्याला गुलाम केलं होतं. हे आपल्याला कळतं कारण त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. त्याचे दोनच मजकूर उरलेत, एक 'कन्फेशिओ' म्हणजे स्वतःबद्दलचं निवेदन, आणि दुसरं कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या शिपायांना लिहिलेलं जळजळीत पत्र. त्या शिपायांनी पॅट्रिकने नुकताच बाप्तिस्मा दिलेली माणसं पकडून गुलाम म्हणून विकली होती. वाचाच ते, संतबिंत बाजूला राहतो आणि चिडलेला म्हातारा समोर येतो.

या दोन्हीत ना साप आहेत ना शॅमरॉक. हिमयुगानंतर साप आयर्लंडला पोचलेच नाहीत, मध्ये समुद्र आडवा आला. पॅट्रिक जन्मायच्याही आधी तिसऱ्या शतकात सोलिनस नावाच्या रोमन लेखकाने लिहिलंय की त्या बेटावर साप नाहीत. शॅमरॉकची तीन पानं दाखवून पिता-पुत्र-पवित्र आत्मा समजावला ही गोष्ट लेखी सापडते ती एकदम अठराव्या शतकात. आणि तो तिथला पहिला बिशप पण नव्हे, ४३१ साली पोपने पॅलेडियस नावाचा माणूस पाठवला होता. त्या बिचाऱ्याच्या नावाने कोणी शिकागोत नदी हिरवी करत नाही.

खडूस_काका

म्हणजे जो आयरिश नाही, ज्याने साप हाकलले नाहीत, ज्याने शॅमरॉक हातात धरल्याचा पुरावा नाही आणि जो पहिलाही नाही, त्याचा राष्ट्रीय सण. छान चाललंय. ओवी म्हणते तेच खरं, सगळा बाजार आहे.

वास्कोची_लीना

काका, संत बाहेरचा असणं ही काही अडचण नसते हो. आमचा गोंयचो सायब, सांव फ्रान्सिस्क झेवियर, तो तरी कुठला गोंयकार? नावारचा, म्हणजे आजच्या स्पेनमधला, आणि वारला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, १५५२ मध्ये. तरी ३ डिसेंबरला ओल्ड गोव्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि चालत येणाऱ्यांत सावंतवाडी, बेळगावकडचे लोक असतात. इंग्लंडचा सेंट जॉर्ज इंग्लंडला कधी गेलाच नाही, त्यांना चालतंय की.

आणि ओवी, "धार्मिक काही उरलेलं नाही" हे तुम्ही परेड बघून म्हणताय. फेस्त म्हणजे मिरवणूक नव्हे, आधी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मग मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मग बाकीचं. १७ मार्चला सकाळी चर्चमध्ये डोकावलात का कधी?

ओवी_डब्लिन

@लीना, नाही डोकावले. सकाळी पोरांना थर्मल चढवण्यात वेळ जातो.

ट्रलीचा_शिंदे

मी केरी काउंटीत राहतो, डब्लिनवाल्यांना आयर्लंड म्हणजे डब्लिनच वाटतं म्हणून लिहितोय. आमच्या गल्लीत सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आहेत, १७ ला सकाळी कोटाला ताज्या शॅमरॉकची जुडी लावून मिस्सेला जातात. विकतची नाही, स्वतः शेताच्या बांधावरून खुडलेली, मुळाची माती झटकून. ते सांगतात त्यांच्या लहानपणी या दिवशी पब बंद असायचे. मला वाटलं फेकतायत, पण खरं निघालं. १९२० च्या दशकात स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने कायदा करून १७ मार्चला दारूबंदी केली आणि ती जवळजवळ १९६० पर्यंत चालली. अख्ख्या डब्लिनात त्या दिवशी अधिकृत प्यायला मिळायची ती रॉयल डब्लिन सोसायटीच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, त्यामुळे ज्यांच्या घरी मांजरसुद्धा नाही असे लोक पण कुत्री बघायला जायचे.

मग पोरांना यात काय मजा, असं मी आजोबांना विचारलं. तर म्हणाले, चॉकलेट. हा दिवस बहुतेक वेळा लेंटमध्ये येतो, चाळीस दिवसांचा उपास. कोणी गोड सोडलेलं असतं कोणी दारू, आणि पॅट्रिकच्या दिवशी एक दिवसाची सूट. म्हणजे वर्षभर पिणाऱ्यांचा नाही, सोडलेल्यांचा दिवस होता तो. हे कळलं आणि माझं सगळं चित्रच फिरलं.

आणखी एक, जवळच डिंगलला परेड सकाळी सहाला निघते, अंधारात, बासऱ्या आणि ढोल घेऊन. एकदा गेलो होतो, बोटं गोठली पण जायला पाहिजे.

बाटलीबंद

कुत्र्यांच्या प्रदर्शनाला जातो असं घरी सांगायची आयडिया नोंद करून ठेवली आहे.

न्यूजर्सीवाली

शिंदे, कुत्र्यांचा किस्सा भारी. पण मंडळी, परेड ही आमच्याकडची देणगी आहे हे मान्य करा. बॉस्टनला १७३७ मध्ये आयरिश लोकांनी हा दिवस साजरा केला, न्यूयॉर्कला १७६२ पासून परेड निघते, आणि ती सुरू केली ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश शिपायांनी. अमेरिका देश व्हायच्या आधीची गोष्ट. अजूनही फिफ्थ अॅव्हेन्यूवर चित्ररथ नाहीत, सगळे चालतात. शिकागोची नदी १९६२ पासून हिरवी करतात, ती कल्पना प्लंबर युनियनची, गटारात कोण काय सोडतंय ते शोधायला जो रंग वापरायचे तोच.

आणि कॉर्न्ड बीफ आणि कोबी हे "पारंपरिक आयरिश जेवण" पण इथलंच. आयर्लंडात गरिबाच्या ताटात डुकराचं खारवलेलं मांस असायचं, न्यूयॉर्कात आल्यावर शेजारच्या ज्यू खाटकाकडे बीफ स्वस्त मिळालं म्हणून ते चिकटलं. माझी आयरिश-अमेरिकन सहकारी डब्लिनला जाऊन हॉटेलात कॉर्न्ड बीफ मागत होती, वेटरने तिच्याकडे असं बघितलं म्हणे!

इतिहासवेडा

न्यूयॉर्कच्या आधी फ्लोरिडा. सेंट ऑगस्टीन नावाच्या स्पॅनिश वसाहतीत १६०१ मध्ये पॅट्रिकच्या नावाने मिरवणूक निघाल्याची नोंद आहे, तिथे एक आयरिश पाद्री होता. जुन्या स्पॅनिश कागदपत्रांतून अलीकडे वर आलं. त्यामुळे बॉस्टन-न्यूयॉर्क भांडणात तिसराच जिंकला.

मात्र १७ मार्च ही तारीख काही अमेरिकेची नाही. ती त्याच्या मृत्यूची तारीख मानली जाते आणि आयर्लंडात फार आधीपासून पाळत. सतराव्या शतकात ल्यूक वॉडिंग नावाच्या वॉटरफर्डच्या फ्रान्सिस्कन साधूने रोममध्ये खटपट करून ती चर्चच्या जागतिक पंचांगात घालून घेतली. सरकारी सुट्टी झाली १९०३ च्या कायद्याने, तेव्हा आयर्लंड ब्रिटनच्याच ताब्यात होतं, विधेयक आणलं जेम्स ओ'मारा नावाच्या आयरिश खासदाराने.

खडूस_काका

सरळ आहे हो. घरातला, देवळातला दिवस रस्त्यावर आणला की तो देशाचा होतो. टिळकांनी गणपतीचं तेच केलं.

बाटलीबंद

आले टिळक! या साइटवर धागा मोदकांचा असो की मॉर्गेजचा, दहाव्या प्रतिसादाच्या आसपास टिळक येतातच.

इतिहासवेडा

हसा, पण टिळक आणि आयर्लंड खरंच जवळ आहेत. 'होमरूल' हे नावच आयरिश चळवळीतून घेतलेलं. टिळकांची होमरूल लीग बेळगावला एप्रिल १९१६ मध्ये स्थापन झाली, अध्यक्ष जोसेफ 'काका' बाप्टिस्टा, माझगावचे, आणि त्यांच्यावर आयरिश चळवळीचा चांगलाच प्रभाव होता. त्याच एप्रिलमध्ये डब्लिनला ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. तिकडच्यांनी सनदशीर होमरूलचा नाद सोडून बंदुका उचलल्या आणि इकडे आपण होमरूल सुरू केलं.

पण काका, गणपतीशी तुलना मला पूर्ण पटत नाही. गणपती रस्त्यावर आणणारे इथलेच होते. पॅट्रिकला रस्त्यावर आणलं देश सोडून गेलेल्यांनी, परक्या शहरात, जिथे "आयरिश लोकांना नोकरी नाही" असल्या वागणुकीला तोंड द्यायचं होतं. १८४५ नंतरच्या दुष्काळात दहाएक लाख मेले आणि तितकेच बोटीत बसले. त्यांच्या पोरांनी न्यूयॉर्कात ती परेड एवढी मोठी केली की पोलीस, नगरसेवक, महापौर सगळ्यांना हजेरी लावणं भाग पडलं. ते शक्तिप्रदर्शन होतं. तेच पुढे फिरून मायदेशी आलं. डब्लिनची अधिकृत परेड १९३१ ची, आणि पन्नाशीच्या दशकात तर ती देशी कारखान्यांच्या मालाची ट्रकवरून निघालेली जाहिरात होती. ओवीला जे आज दिसतं ते त्याच्याही नंतरचं.

बेलफास्टवासी

एवढं सगळं झालं आणि उत्तर आयर्लंडचं कोणी नावही घेतलं नाही! पॅट्रिकची कबर जिथे आहे असं मानतात ते डाउनपॅट्रिक आमच्याकडे. त्याची गादी मानली जाते ते आर्मा पण आमच्याकडे, आणि तिथे समोरासमोरच्या दोन टेकड्यांवर दोन कॅथेड्रलं, दोन्हींचं नाव सेंट पॅट्रिक, एक कॅथलिकांचं, एक प्रोटेस्टंटांचं. डब्लिनचं सेंट पॅट्रिक कॅथेड्रल सुद्धा प्रोटेस्टंटांचं आहे बरं का ओवी, पर्यटकांना पत्ता नसतो.

इथे १७ मार्चला सुट्टी असते, पण बेलफास्टमध्ये परेडला कुठला झेंडा न्यायचा यावरून वर्षानुवर्षं कुरबुरी झाल्या. युनियनवाले (ब्रिटनबरोबरच राहायचं म्हणणारे) म्हणतात पॅट्रिक आमचाही, युनियन जॅकमधला लाल फुलीचा भाग त्याच्याच नावाचा आहे, १८०१ मध्ये घातलेला. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश गार्ड्सना या दिवशी राजघराण्याकडून शॅमरॉक मिळतो, तो रिवाज १९०१ पासूनचा. आणि त्याच्या थोडं आधीपर्यंत शिपायाने गणवेशावर शॅमरॉक लावायला बंदी होती. म्हणजे एकच पान, काल गुन्हा, आज राणीच्या हातून बक्षीस. मी नर्सिंगमध्ये आहे, आमच्या वॉर्डात दोन्हीकडचे लोक आहेत, त्या दिवशी सगळे मिळून केक खातात आणि इतिहासावर कोणी बोलत नाही. तेच बरं.

पानफूल

शॅमरॉकवर एवढी चर्चा आणि शॅमरॉक म्हणजे नक्की कुठली वनस्पती हे कोणी विचारलं नाही. आयर्लंडात पण एकमत नाही! १८९३ मध्ये नॅथॅनिएल कोलगन नावाच्या निसर्ग अभ्यासकाने देशभरातून लोकांना सांगितलं की तुमच्याकडे ज्याला खरा शॅमरॉक म्हणतात ते रोप पाठवा, मग ती लावून फुलं येईपर्यंत वाढवली. सगळ्यात जास्त निघाली पिवळ्या फुलांची बारकी क्लोव्हर आणि पांढरी क्लोव्हर, बाकी किरकोळ. काही जुने लेखक तर म्हणत होते की ती आंबट पानं असणार. ती आंबट पानं म्हणजे आपल्या कुंडीत नको असताना येते ती आंबुशीची बहीण. पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत सण साजरा करायचा असेल तर सामान तयार आहे.

चार पानांचा जो 'लकी' असतो तो वेगळा, त्याचा पॅट्रिकशी संबंध नाही. चार पानं छापलेला टीशर्ट घालून परेडला गेलात तर कोणी बोलणार नाही पण मनात हसतील.

मालवणी_मेवो

वराडकरांचो विषय कोणीच काढूक नाय? लिओ वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचो. २०१९ च्या डिसेंबरात आयर्लंडचो पंतप्रधान असताना घरच्यांका घेवन गावाक इलेलो, लय गर्दी झालेली.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. १९५२ मध्ये आयरिश राजदूताने अमेरिकेच्या अध्यक्षांना शॅमरॉकची पेटी पाठवली, तेव्हापासून ती प्रथाच पडली आणि आता आयर्लंडचा पंतप्रधान १७ मार्चच्या आसपास स्वतः जाऊन काचेच्या भांड्यातून शॅमरॉक देतो. एवढ्याशा देशाला अमेरिकेच्या अध्यक्षाची हमखास भेट, दरवर्षी. ते आपल्या वराडच्या अशोकरावांच्या मुलाने दिलं, यापेक्षा मोठं काय पाहिजे. न्यूयॉर्कच्या परेडमध्ये समलिंगी लोकांच्या संघटनांना स्वतःचा फलक घेऊन चालायला वर्षानुवर्षं बंदी होती, ती २०१५ च्या सुमाराला सुटली, आणि २०१८ मध्ये लिओ आपल्या जोडीदाराला बरोबर घेऊन तिथे चालला.

खडूस_काका

आणि २०२४ मध्ये तिकडे शॅमरॉक देऊन आला आणि २० मार्चला राजीनामा जाहीर केला. भांडं लाभलं नाही.

संपादक

राजकारणाचा वेगळा विभाग आहे. इथे संतच ठेवा.

इतिहासवेडा

संतच ठेवतो. परेडवाल्यांना माहीत नसलेली एक जागा सांगतो, मॉन्टसेराट, कॅरिबियनमधलं छोटं बेट. आयर्लंडबाहेर १७ मार्चची सरकारी सुट्टी असलेल्या अगदी मोजक्या जागांपैकी एक. तिथे उसाचे मळे होते, मालकांत बरेच आयरिश. १७६८ मध्ये गुलामांनी बेत आखला की १७ मार्चला मालक लोक पॅट्रिकच्या नावाने पीत बसतील तेव्हा उठाव करायचा. बातमी फुटली, नऊ जणांना फाशी दिली. आज तिथे तो दिवस त्या उठावाची आठवण म्हणून पाळतात आणि आयरिश वारसा म्हणूनही, हिरवे कपडे घालून.

ज्या माणसाने स्वतः गुलामी भोगली आणि गुलाम विकणाऱ्यांना शिव्या घालणारं पत्र लिहिलं त्याच्या नावाने गुलामांचे मालक पार्टी करत होते. "मुळात सण कशाचा" या प्रश्नाला माझ्या मते सगळ्यात बोचरं उत्तर या बेटावर आहे.

न्यूजर्सीवाली

बाप रे. हे अजिबात माहीत नव्हतं. आमच्याकडे हिरवे बेगल खाताना कोणी सांगत नाही.

पानफूल

हिरव्यावरून आठवलं, पॅट्रिकचा जुना रंग निळा आहे ना? कुठेतरी वाचलेलं.

बेलफास्टवासी

हो, १७८३ मध्ये ब्रिटिश राजाने 'ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिक' नावाची मानाची पदवी काढली तिचा रंग निळा. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांचा झेंडा अजून निळाच आहे. हिरवा हा बंडखोरांचा, १७९८ च्या उठावाने तो घट्ट बसला.

वास्कोची_लीना

मघापासून सगळे पॅट्रिक पॅट्रिक करताय, आयर्लंडचे तीन राखणदार संत आहेत, पॅट्रिक, कोलमकिल आणि ब्रिजिड. ब्रिजिडबाईंचा दिवस १ फेब्रुवारी, त्या दिवशी गवताच्या काड्यांचा क्रॉस विणून दारावर लावतात. तिच्या नावाची सरकारी सुट्टी मिळाली कधी, तर २०२३ मध्ये. बुवाला १९०३ ला, बाईला एकशेवीस वर्षांनी. तिथे परेड नाही, पिणं नाही, म्हणून कोणाला ठाऊक नाही.

ओवी_डब्लिन

लीना, तो क्रॉस लेकाने शाळेत केला होता आणि मी तो फ्रिजवर लावलाय, कशाचा आहे ते आज कळलं!

शिंदे आणि लीनाचं वाचून मत थोडं हललंय. शेजारच्या आजींना विचारलं, त्या दहाच्या मिस्सेला जातात, आयरिश भाषेत असते त्या दिवशी, "परेड टीव्हीवर बघते, पाय दुखतात" म्हणाल्या. तरी पण फेस्टिव्हल हे सरकारी आहे हे मी सोडत नाही, एकाच तारखेला दोन सण आहेत असं फार तर म्हणेन. आजींचा वेगळा, माझा वेगळा.

पाच वाक्यं अशी केलीत: पॅट्रिक ब्रिटनमध्ये जन्मला. सोळा वर्षांचा असताना त्याला पळवून आणून गुलाम केलं. तो मेंढ्या राखायचा. तो पळून गेला पण नंतर परत आला. साप त्याने हाकलले नाहीत, ते आधीच नव्हते. लेक शेवटच्या वाक्यावर अडून बसलाय, म्हणतो टीचरला वाईट वाटेल.

ट्रलीचा_शिंदे

सापाचं वाक्य ठेवू दे. टीचरला माहीत असतं, दरवर्षी वर्गात एक तरी पोरगं ते बोलतं.

आणि पुढच्या जुलैत मेयोला या, क्रोघ पॅट्रिक नावाचा डोंगर आहे, ७६४ मीटर, शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी, वरचा भाग नुसता सुट्या दगडांचा. पॅट्रिकने तिथे चाळीस दिवस उपास केला असं मानतात. तिथे एकाच्याही डोक्यावर हिरवी टोपी नसते.

न्यूजर्सीवाली

ओवी, आम्ही यंदा मार्चमध्ये डब्लिनला येतोय, दोन लहान मुलं, परेड कुठून दिसेल नीट? हॉटेल ओ'कॉनेल स्ट्रीटच्या जवळ आहे.

ओवी_डब्लिन

मग सोप्पं आहे. परेड पार्नेल स्क्वेअरहून बाराला निघते, ओ'कॉनेल स्ट्रीटवरून पूल ओलांडून डेम स्ट्रीट, मग क्राइस्टचर्चवरून सेंट पॅट्रिक कॅथेड्रलकडे. दहाला जागा धरा, साडेदहाला पहिली रांग गेलेली असते. मुलांना छोटं स्टूल आणा, इथले लोक तेच करतात. टेंपल बारकडे (तो पबचा भाग आहे) दुपारनंतर मुलांना घेऊन अजिबात जाऊ नका. रेनकोट आणा, छत्री नको, वाऱ्यात उलटते आणि मागचे ओरडतात. आमच्या मंडळाचं ढोलपथक यंदा आमच्या उपनगरातल्या परेडमध्ये आहे, वेळ असेल तर तिकडे पण या, ती तीनला आहे आणि गर्दी कमी असते.

बाटलीबंद

आम्ही ठाण्यात बसून बघू शकतो का? म्हणजे संध्याकाळी साडेपाचला ना आपल्याकडे?

ट्रलीचा_शिंदे

साडेपाच बरोबर, घड्याळं मार्चच्या शेवटी बदलतात. आरटीई, म्हणजे आयर्लंडची सरकारी वाहिनी, लाइव्ह दाखवतं, त्यांच्या साइटवर शोध.